खेळांतील सोनें आणि बाजारांतील भाव

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, तुर्भ्याच्या डोंगराच्या पायथ्याशीं, खाडीला लागून माहुल नांवाचें जुनें गांव आहे. आज त्याच्या भोंवतीं तेलशुद्धीचे कारखाने उभे आहेत, उंच इमारतींच्या रांगा आहेत. तरी गांवांतील कोळीवाडा अजून नांदता आहे. खाडींतून आलेली कोळंबी, बोय, चिंबोरी पाटींत घालून कोळीण बसली म्हणजे भाव कसा ठरतो हें पाहण्यासारखें असतें. सकाळीं तिचा शब्द शेवटचा असतो. ऊन चढूं लागलें कीं गिऱ्हाइकाच्या शब्दाला वजन येतें. आणि संध्याकाळीं उरलेला वाटा ती मिळेल त्या पैशांत देऊन मोकळी होते. मासळी कुजते, म्हणून ती फार वेळ कोंडून ठेवतां येत नाहीं. पाटी सर्वांच्या डोळ्यांसमोर असते, म्हणून माल किती आहे हें लपवितां येत नाहीं. भाव ठरविण्यांत तिची हुशारी असते, गिऱ्हाइकाची घासाघीस असते. पण दोघांच्याहि वर ऊन आणि वेळ हे दोन पंच बसलेले असतात.

ह्याच माहुलमध्यें, आणि अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत हरएक उपनगरांत, आतां दुसराहि एक बाजार भरतो. तो रस्त्यावर दिसत नाहीं. घराच्या कोपऱ्यांत, मुलाच्या हातांतील मोबाईलवर किंवा टेबलावरील संगणकावर तो भरतो. तेथें तलवारी, चिलखतें, रत्नें, घोडे, बंदुकीवर चढवावयाचे रंगीत साज विकले जातात. त्या मालाला वजन नाहीं, वास नाहीं. तो कुजत नाहीं, आणि त्याची पाटी कोणाला दिसत नाहीं. घेणारे खेळाडूच आणि विकणारेहि खेळाडूच. वडील मंडळी म्हणतात, “मुलगा खेळतो आहे.” मुलगा मात्र त्या वेळीं कित्येकदां खेळत नसतो, तो भाव पाहत असतो. ह्या बाजारांत महागाई कां होते, भाव कोण व कसे चढवितात, आणि त्याचा भार शेवटीं कोणावर पडतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ज्या श्रोत्यांनीं हे खेळ पाहिले नाहींत त्यांच्याकरितां प्रथम थोडें स्पष्टीकरण केलें पाहिजे. बुद्धिबळांत किंवा पत्त्यांत डाव संपला कीं मोहरीं डब्यांत जातात आणि राजा व प्यादें एकत्र पडून राहतात. ऑनलाइन खेळांचा एक प्रकार असा आहे कीं, त्यांत डाव संपतच नाहीं. हजारों लोक आपापल्या घरून एकाच कल्पित देशांत शिरतात. तेथें राक्षस मारतात, खाणी खणतात, मासे धरतात, शस्त्रें घडवितात. ह्या श्रमाबद्दल त्यांना खेळांतील सोन्याचीं नाणीं मिळतात, आणि तीं देऊन एक खेळाडू दुसऱ्याचा माल विकत घेतो. १९९७ सालीं निघालेला ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा अशा मोठ्या खेळांपैकीं आरंभींचा. १९९९ मध्यें ‘एव्हरक्वेस्ट’ आला. त्यांतील नाणीं व वस्तू खेळाबाहेर खऱ्या डॉलरांना विकल्या जाऊं लागल्या. एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें त्या विक्रीच्या भावांवरून २००१ सालीं हिशेब मांडला, तेव्हां त्या कल्पित देशाचें दरडोई उत्पन्न रशिया व बल्गेरिया ह्यांच्या दरम्यान, आणि भारत व चीन ह्या दोन्ही देशांच्या वर निघालें. जो देश नकाशावर नाहीं, त्याचे रहिवासी आकड्यांच्या हिशेबानें खऱ्या शेतकऱ्याहून श्रीमंत ठरले! तेव्हांपासून ह्या बाजाराकडे पोरखेळ म्हणून पाहणें अर्थशास्त्रज्ञांनीं सोडून दिलें.

तेथील महागाईचें पहिलें कारण टांकसाळ हें आहे. राक्षस मारला कीं त्याच्या पिशवींतून नाणीं पडतात. हीं नाणीं दुसऱ्या कोणाच्या खिशांतून येत नाहींत. त्या क्षणीं नवीं पाडलीं जातात. दहा हजार खेळाडूंनीं दिवसाला शंभर राक्षस मारले, तर एका दिवसांत दहा लाख वेळां टांकसाळ चालते. आणि मेलेला राक्षस थोड्या वेळानें पुन्हां जिवंत होऊन उभा राहतो. सोन्याची खाण कधीं आटतच नाहीं असा देश पुराणांतहि सांपडणें कठीण. अशा देशांत सर्वजण श्रीमंत होतील असें प्रथमदर्शनीं वाटतें. प्रत्यक्षांत होतें तें इतकेंच कीं, काल दहा नाण्यांना मिळणारी ढाल आज वीस नाण्यांना मिळूं लागते.

अल्टिमाच्या रचनाकारांनीं ह्याचा विचार केला नव्हता असें नाहीं. त्या जगांतील एकंदर साधनसामग्री ठराविक ठेवावी, वापरून संपलेली वस्तु मूळ सांठ्यांत परत जावी व त्या सांठ्यांतूनच नवी निघावी, असा त्यांचा आरंभींचा बेत होता. बेत नीट आंखलेला होता. पण मनुष्यस्वभाव त्यांत धरलेला नव्हता. खेळाडूंनीं वस्तू वापरून संपविल्याच नाहींत. त्यांनीं पेट्या भरून ठेवल्या. मूळ सांठा आटला, नवे प्राणी व नवा माल उत्पन्न होईना, आणि तो बेत सोडून द्यावा लागला. त्यानंतर जी पद्धत रूढ झाली तिला नळ-मोरीची पद्धत म्हणतां येईल. एका नळानें नाणीं जगांत येतात. शस्त्रांची दुरुस्ती, प्रवासाचें भाडें, बाजारावरील कर अशा मोरींतून तीं कायमचीं वाहून जातात. मोरी नळाच्या मानानें अरुंद राहिली कीं न्हाणीघरांत पाणी सांचतें, आणि बाजारांत महागाई सांचते.

ह्यांत खोट्या नाण्यांची भर पडते. खेळ म्हणजे अखेर माणसानें लिहिलेला प्रोग्रॅम. त्यांत चुका राहतात. चूक हेरून एका नाण्याचीं दोन करण्याची युक्ति कांहीं जण साधतात. अल्टिमाच्या आरंभींच्या काळांत असें घडलें. मे २०१३ मध्यें ‘डायब्लो ३’ ह्या खेळाच्या अधिकृत लिलावगृहांतहि अशीच चूक निघाली आणि अमाप सोनें उत्पन्न झालें. कंपनीला लिलावगृह तात्पुरतें बंद करावें लागलें. खोटें नाणें खऱ्यासारखेंच दिसतें. तें ओळखण्याला तेथें कसोटीचा दगड नाहीं.

मुंबईच्या जुन्या पिढीला हा अनुभव नवा वाटला नसता. दुसरें महायुद्ध सुरू झालें तेव्हां, १९३९ मध्यें, हिंदुस्थानांत दोनशें कोटींच्या आंत रुपयांच्या नोटा फिरत होत्या. १९४५ पर्यंत तो आकडा हजार कोटींच्या पलीकडे गेला. नोटा वाढल्या, तांदूळ, कापड, रॉकेल वाढलें नाहीं. २ मे १९४३ पासून मुंबईंत शिधावाटप सुरू झालें तें ह्याच काळांत. त्या वेळीं सर्वांत अधिक हाल झाले ते ठराविक पगारावर व पेन्शनीवर जगणाऱ्यांचे. ज्याच्या कोठारांत माल होता त्याला महागाई सोसावी लागली नाहीं; त्याचा मालच महाग झाला.

खेळाच्या जगांत ठराविक पगारदाराची ही जागा नवख्या खेळाडूची असते. एक राक्षस मारल्याबद्दल मिळणारी नाणीं वर्षांपूर्वीं जेवढीं होतीं तेवढींच आजहि असतात. पण तलवारीचा भाव पांचपट झालेला असतो. जुन्या खेळाडूंच्या पेट्या भरलेल्या. नवखा रात्र रात्र जागून कमावतो आणि भाव त्याच्यापुढें दोन पावलें पळत राहतो. शेवटीं तो कंटाळून खेळ सोडतो किंवा वडिलांच्या खात्यांतील खरे रुपये देऊन खोटें सोनें विकत घेतो. महागाई खेळांतील असते, पण तिची झळ अशा रीतीनें घरापर्यंत येते.

चाणाक्ष कंपन्यांना ह्याची जाणीव झाली. आइसलंडमधील सीसीपी ह्या कंपनीनें २००३ सालीं काढलेला ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ आकाशगंगेंतील व्यापारासाठीं प्रसिद्ध आहे. ह्या कंपनीनें २००७ मध्यें एयोल्फुर गुडमुंडसन ह्या अर्थशास्त्रज्ञाची नेमणूक केली. किती चलन निर्माण झालें, किती नाहींसें झालें, भावांचा निर्देशांक कोठें आहे, हें एखाद्या मध्यवर्ती बँकेप्रमाणें प्रसिद्ध होऊं लागलें. ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ ह्या खेळांत डिसेंबर २०२१ पासून विक्रीवर शेंकडा एक कर बसला. २०२५ मध्यें तो दोन झाला. त्या कराच्या कांहीं भागांतून कंपनी बाजारांतील फाजील माल विकत घेऊन नष्ट करते. म्हणजे राजानें कर घ्यावा आणि त्या पैशानें तलवारी विकत घेऊन समुद्रांत बुडवाव्या! खऱ्या राज्यांत ह्याला वेडेपणा म्हणतील. परंतु जेथें तलवार कधीं गंजत नाहीं, तेथें गंजाचें काम कोणी तरी हातानें करावें लागतें.

टांकसाळीमुळें होणारी ही महागाई पावसाच्या पाण्यासारखी सर्वत्र सारखी चढते. दुसरी महागाई निराळी. ती बुद्ध्या केलेली असते व एकाच वस्तूच्या भोंवतीं माजते. तिची रीत समजण्याकरितां एक काल्पनिक उदाहरण घेऊं.

समजा, एका जातीच्या ढाली बाजारांत रोज वीस येतात व दहा नाण्यांना जातात. पांच जणांची एक टोळी कांहीं दिवस गाजावाजा न करतां येईल ती ढाल दहा ते चौदा नाण्यांच्या दरम्यान घेत राहते. शंभर ढालींना तिला सरासरी बारा, म्हणजे बाराशें नाणीं पडलीं. बाजारांतील ढाली आतां दिसेनाशा झाल्या. मग टोळींतील पहिला आपली ढाल दुसऱ्याला तीस नाण्यांना विकतो. दुसरा तीच तिसऱ्याला चाळिसांना देतो. आणि तिसरा ती पुन्हां पहिल्याला पन्नासांना विकतो. ढाल जेथल्या तेथें. नाणींहि टोळीच्याच खिशांत. पण बाजाराच्या फळ्यावर तीन सौदे लागोपाठ नोंदले गेले: तीस, चाळीस, पन्नास. नवखा फळा पाहतो आणि मनांत म्हणतो, ‘परवां दहा, आज पन्नास, उद्यां शंभर होणार.’ इतक्यांत कोणी त्याला पंचेचाळिसांत ढाल देऊं करतो. ती स्वस्त मिळाली ह्या आनंदांत तो घेतो. अशा शंभर नवख्यांना शंभर ढाली गेल्या. टोळीच्या हातीं साडेचार हजार नाणीं आलीं, तेहतीसशें नफा झाला, आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशीं बाजारांत नेहमींच्या वीस ढाली येतात. मात्र पन्नास देणारा कोणी उरलेला नसतो. चार दिवसांनीं भाव अकरा होतो. ढाल तीच, तिची मजबुतीहि तीच. बदललें एवढेंच कीं तेहतीसशें नाणीं शंभर खिशांतून निघून पांच खिशांत गेलीं.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. स्वस्त घेऊन महाग विकणारा प्रत्येक जण लबाड नसतो. जेथें माल मुबलक आहे तेथून घेऊन जेथें टंचाई आहे तेथें नेणारा, किंवा हंगामांत सांठवून अडचणीच्या दिवसांत विकणारा, समाजाची सेवाच करतो आणि तिचा मोबदला घेतो. त्याच्या नफ्याच्या मागें कांहीं तरी काम असतें. वरील टोळीनें मात्र ढाल घडविली नाहीं, वाहून नेली नाहीं, सांभाळलीहि नाहीं. तिनें फक्त एक खोटी बातमी तयार केली, आणि ती शब्दांत न सांगतां भावाच्या भाषेंत सांगितली. शब्दांनीं सांगितलेल्या थापेवर माणूस शंका घेतो. आंकड्यांनीं सांगितलेल्या थापेवर सहसा घेत नाहीं.

ह्या रीतीचे प्रत्यक्ष दाखले पुष्कळ आहेत. रुनस्केप खेळांत नोव्हेंबर २००७ मध्यें एक मध्यवर्ती बाजारपेठ उघडली. लवकरच तेथें तेजीवाल्यांचीं मंडळें निघालीं. मंडळाचे पुढारी सभासदांना आज्ञा करीत, ‘अमुक वस्तु सर्वांनीं घ्या, भाव चढेपर्यंत विकूं नका.’ पुढाऱ्यांनीं ती वस्तु आधींच घेऊन ठेवावी आणि सभासद घेऊं लागले कीं त्यांनाच ती विकावी, असे प्रकार होत. सभासदांना वाटे, आपण इतरांना फसविणाऱ्यांपैकीं आहों. वस्तुतः फसावयाला जमविलेले गिऱ्हाईक तेच असत. लोभानें एकत्र आलेल्यांचा विश्वासघात किती सोपा असतो हें त्यावरून दिसलें.

ईव्ह ऑनलाइनमध्यें २०१२ सालीं ह्याहून चतुर युक्ति निघाली. शत्रूचा जेवढ्या किंमतीचा माल नष्ट कराल त्या मानानें बक्षिसाचे गुण मिळतील, असा तेथें नवा नियम झाला. आणि ती किंमत बाजारांतील भावावरून ठरूं लागली. पांच खेळाडूंनीं क्वचितच विकल्या जाणाऱ्या क्षुल्लक वस्तू हेरल्या. आपसांतील सौद्यांनीं त्यांचे भाव भरमसाट चढविले. मग त्याच वस्तू आपल्याच जहाजांत भरून आपणच तीं जहाजें बुडविलीं. हिशेबाच्या वहींत तें प्रचंड संपत्तीचें नुकसान ठरलें आणि बक्षिसांचा पाऊस पडला. त्यांची कमाई त्या खेळाच्या चलनांत सुमारें पांच लाख कोटींपर्यंत गेली. कंपनीनें नियम सुधारला व गैरमार्गानें मिळविलेली संपत्ति काढून घेतली. धडा असा कीं, ज्या वस्तूची उलाढाल थोडी, तिचा भाव चढविणें सर्वांत सोपें. आणि जेथें नियमच भावावर विसंबतो, तेथें भाव खोटा करणारा नियमालाहि खोटा करतो.

संगणक नव्हते तेव्हांहि ही विद्या होती, आणि मुंबईनें तिचें पुरेपूर मोल दिलेलें आहे. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस लँकेशायरला मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरांत पैशाचा पूर लोटला. आलेल्या पैशाला पुरेसा खरा उद्योग मिळेना, तेव्हां रोज नव्या बँका व कंपन्या निघूं लागल्या. समुद्र हटवून जमीन करण्याच्या बॅक बे कंपनीचा पांच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरांत गेला. जमीन अजून समुद्राखालीं होती. भाव मात्र आकाशांत होता. बँक ऑफ बॉम्बेनें शेअर तारण घेऊन कर्जें दिलीं. त्या कर्जांतून पुन्हां शेअरच घेतले गेले. एकाच पैशानें एकच कागद वर वर चढत गेला. ज्यांच्या देणगीमुळें राजाबाई मनोरा उभा राहिला ते प्रेमचंद रायचंद ह्या सर्व तेजीचे अग्रणी होते. एप्रिल १८६५ मध्यें दक्षिणेकडील सेनापति लीनें शस्त्र खालीं ठेवलें आणि कापूस उतरूं लागला. वायद्याच्या सौद्यांचा दिवस १ जुलै १८६५ हा होता. त्या दिवशीं घेणाऱ्याला पैसे देतां आले नाहींत, म्हणून विकणाऱ्यालाहि आपलें देणें देतां आलें नाहीं. पेढ्यांमागून पेढ्या कोसळल्या. २,८५० रुपयांपर्यंत चढलेला बँक ऑफ बॉम्बेचा शेअर पुढें ८७ रुपयांवर आला, आणि १८६८ मध्यें ती बँक मोडीत निघाली. दिनशा वाच्छा ह्यांनीं १९१० सालीं ह्या प्रकरणावर स्वतंत्र पुस्तक लिहिलें. तें वाचलें तरी कोणत्याहि नव्या तेजीची गोष्ट निम्मी वाचल्यासारखी होते.

हा धडा मुंबई विसरली नसती तर बरें झालें असतें. १९९२ सालच्या हर्षद मेहता प्रकरणांत बँकांचा पैसा आडवाटेनें शेअरबाजारांत आला आणि एसीसी ह्या सिमेंट कंपनीचा दोनशें रुपयांच्या आसपासचा शेअर नऊ हजारांच्या जवळ पोंचला. त्या अवधींत कंपनीचें सिमेंट पंचेचाळीसपट झालेलें नव्हतें. कापूस असो, सिमेंट असो कीं खेळांतील ढाल असो, वस्तु हें केवळ निमित्त असतें. बाहेरून आलेला फाजील पैसा, आपसांतले सौदे आणि मागें राहूं नये अशी घाई हीं तीन एकत्र आलीं कीं तेजीचा हा खेळ मांडला जातो.

तथापि खेळांतील बाजार आणि शहरांतील बाजार ह्यांत एक मोठा फरक आहे, आणि पालकांनीं विचार करावयाचा तो ह्याच फरकाचा. १८६५ च्या आपत्तीनंतर चौकशीचें कमिशन बसलें, कोर्टांत दावे चालले. १८७५ मध्यें दलालांनीं आपली संस्था स्थापून व्यवहाराला शिस्त लावली. १९९२ मध्यें सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले. टांकसाळ एकाची, कारखाना दुसऱ्याचा आणि न्यायासन तिसऱ्याचें, ही राज्यव्यवस्थेंतील विभागणी उगीच झालेली नाहीं. खेळाच्या जगांत मात्र नाणें पाडणारी, माल घडविणारी, नियम करणारी आणि तंट्याचा निकाल देणारी एकच कंपनी असते. शिवाय खेळाडूनें न वाचतां मान्य केलेल्या अटींत बहुधा लिहिलेलें असतें कीं, वस्तु त्याच्या मालकीची नव्हे. तिचा उपयोग करण्याची त्याला केवळ परवानगी आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्यें ह्याचें लख्ख प्रत्यंतर आलें. ‘काउंटर-स्ट्राइक’ ह्या बंदुकींच्या खेळांत २०१३ पासून शस्त्रांचे रंगीत साज विकले जातात. त्यांतील सुऱ्या अत्यंत दुर्मिळ, म्हणून त्यांना खऱ्या पैशांत हजारों डॉलर पडत. त्या सुरीनें प्रतिपक्षी अधिक मरतो असें नाहीं. ती फक्त दुर्मिळ होती. कंपनीनें एके दिवशीं नियम बदलला: खालच्या दर्जाच्या पांच वस्तू दिल्या कीं सुरी मिळूं शकेल. थोड्याच दिवसांत कित्येक सुऱ्यांचे भाव निम्म्यावर आले, आणि एकंदर बाजारांतून सुमारें दोन अब्ज डॉलरांची किंमत नाहींशी झाल्याचे अंदाज प्रसिद्ध झाले. चोरी झाली नाहीं, दरोडा पडला नाहीं. एक ओळ बदलली, एवढेंच. दुर्मिळता ज्याच्या मर्जीवर आहे, त्या दुर्मिळतेला ठेव समजून पैसा गुंतविणें म्हणजे भाड्याच्या घरांत पुरून ठेवलेलें सोनें होय.

ह्या बाजाराच्या तळाशीं कोण आहे तेंहि पाहिलें पाहिजे. व्हेनेझुएला देशांत खऱ्या चलनाचीच धूळधाण झाली, तेव्हां, २०१७ च्या सुमारास, तेथील कित्येक तरुण रुनस्केपमधील हिरवे राक्षसी सर्प दिवसभर मारून मिळालेलें सोनें परदेशी खेळाडूंना विकूं लागले व त्यावर घर चालवूं लागले. देशाच्या नाण्यापेक्षां खेळाचें नाणें त्यांना भरंवशाचें वाटलें. त्यांना खेळाडू म्हणावें कीं मजूर? कोणी भाव पाडला तर त्यांची सायंकाळची भाकर जात असे. ज्याला हा खेळ वाटतो त्याच्या मनोरंजनाच्या पलीकडच्या टोंकाला असा एखादा माणूस बसलेला असूं शकतो.

आपल्या देशांत २२ ऑगस्ट २०२५ रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळालेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्यानें, पैसे लावून पैसे जिंकण्याच्या आशेनें खेळल्या जाणाऱ्या खेळांना मनाई केली. स्पर्धात्मक ई-खेळ व निव्वळ करमणुकीचे खेळ त्यानें वेगळे ठेवले. त्या कायद्याचा रोख पैजेवर आहे. शेअरबाजारांतील संशयास्पद सौद्यांवर जशी सेबीची नजर असते, तशी नजर एखाद्या ढालीच्या किंवा सुरीच्या भावावर ठेवणारा कोणी नाहीं. म्हणून ही देखरेख आज तरी घरांतच व्हावी लागेल.

ती दटावणीनें होणार नाहीं. दहावी-अकरावींतल्या मुलाला ‘हा वेळेचा अपव्यय आहे’ असें सांगितलें तर तो दार लावून घेतो. त्यापेक्षां त्याच्या शेजारीं बसून, खरोखर समजून घ्यावयाचें आहे ह्या भावनेनें, त्याला चार प्रश्न विचारावे. ही वस्तु आज ह्या भावाला कोणीं घेतली, आणि किती जणांनीं? फळ्यावर लिहिलेल्या भावाला ती आत्तां, ह्या घटकेला, विकून दाखवितां येईल काय? ती आणखी किती निर्माण होऊं शकतात, आणि तें कोणाच्या हातांत आहे? घेण्याचा सल्ला ज्यानें दिला त्याच्याजवळ ती आधींपासून होती काय? ह्या प्रश्नांचीं उत्तरें शोधतांना मुलगा मागणी, पुरवठा, चलन, कर आणि मक्तेदारी इतक्या गोष्टी शिकून जाईल, आणि त्या पाठ्यपुस्तकाच्या पानापेक्षां पक्क्या शिकेल. पुढें मोठेपणीं घरबांधणीच्या योजनेंत, शेअरांत किंवा एखाद्या नव्या आभासी नाण्यांत कोणी त्याला ‘आजच घ्या, उद्यां मिळणार नाहीं’ असें सांगेल, त्या दिवशीं हे प्रश्न त्याच्या उपयोगीं पडतील.

आणि मुलानें फळ्यावरचा आंकडा दाखवून, ‘माझ्याजवळ चाळीस हजारांचा माल आहे,’ असें अभिमानानें सांगितलें, तर त्याची थट्टा करूं नये. त्यांतील एकच वस्तु त्याला त्या भावाला विकावयास सांगावी. गिऱ्हाईक मिळालें तर त्यानें आपल्या श्रमाचा मोबदला आनंदानें घ्यावा. न मिळालें, तर लिहिलेला भाव आणि मिळणारा भाव ह्यांतील अंतर त्याला त्याच दिवशीं कळेल. हें अंतर कळण्यासाठीं १८६५ मध्यें अर्ध्या मुंबईला आपलें सर्वस्व घालवावें लागलें होतें. त्याला तें एका ढालीवर कळलें, तर तो सौदा स्वस्तच म्हणावयाचा.